कानाझावातलं घर आणि फ्रिजवरचा फळा

ऑक्टोबर २०२४ पासून जवळजवळ वर्षभर मी जपानमध्ये कानाझावाला एका कुटुंबाकडे राहून जपानी शिकले. ज्या संस्थेत माझे वर्ग होते तिने वसतिगृहाचाही पर्याय दिला होता. पण दिवसभर वर्गात जपानी बोलायचं आणि संध्याकाळी पुन्हा परदेशी मुलांमध्येच राहायचं, तर भाषा वर्गाबाहेर पडायचीच नाही, असं वाटून मी होस्ट फॅमिली मागितली. घरात तिघं होती. साठीतलं जोडपं आणि ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई. मी त्यांना ओतोसान, ओकासान आणि ओबाचान म्हणायचे, म्हणजे बाबा, आई आणि आजी. होस्ट फॅमिलीत राहणारी मुलं बहुधा अशीच हाक मारतात, त्यामुळे पहिल्या दिवशी निदान तेवढा तरी प्रश्न सुटलेला असतो.

जाण्याआधी मिळालेले सल्ले बहुतेक शिष्टाचाराचे होते. दारातल्या खोलगट जागेत बूट काढायचे, ताटामीवर, म्हणजे गवताच्या जाड चटयांच्या जमिनीवर, सपाता घालून जायचं नाही, संडासातल्या सपाता तिथेच सोडून यायच्या, भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत. हे सगळं बरोबर आहे आणि आठवडाभरात अंगवळणीही पडतं. एखाद्या वेळी चुकलं तरी कोणी मनावर घेत नाही. मला जे कोणी सांगितलं नव्हतं ते वेगळंच होतं. त्या घरात प्रत्येकाचं रोजचं काम बाकीच्यांनी काय कळवलंय यावर चालायचं. कळवणं हा तिथे सौजन्याचा भाग नव्हता, घरकामाचाच भाग होता.

फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेला एक पांढरा फळा होता. वरच्या बाजूला सात वार, डावीकडे चार नावं. चौथं नाव माझं, कातकाना लिपीत, मी पोचायच्या आधीच लिहून ठेवलेलं. रात्रीचं जेवण घरी असेल तर त्या दिवसाच्या चौकोनात गोल काढायचा, नसेल तर फुली, उशिरा येणार असू तर त्रिकोण आणि त्याच्याखाली वेळ. ऐनवेळी बदल झाला तर संध्याकाळी पाचच्या आत लाइन या मेसेजिंग ॲपवर घरच्या ग्रुपमध्ये लिहायचं. पहिल्या संध्याकाळी ओकासाननी एवढंच समजावून सांगितलं, तेही दोनदा, हळूहळू, फळ्यावर बोट ठेवून.

मला ते जड गेलं. आपण कुठे आहोत, केव्हा येणार, जेवणार की नाही, हे मोठ्या वयात रोज कुणाला लिहून द्यायचं म्हणजे आपल्यावर लक्ष ठेवल्यासारखं वाटतं. मग मी ओकासानबरोबर स्वयंपाकघरात उभी राहायला लागले आणि पाचचीच वेळ का ते दिसलं. त्या सुमारास त्या तांदूळ मोजायच्या. जपानी घरात तांदळाचं माप म्हणजे १८० मिलिलीटरचा एक कप, आणि किती कप घ्यायचे हे माणसं मोजूनच ठरतं. माशाचे तुकडे माणशी एक. वाढप प्रत्येकाचं वेगळं, छोट्या छोट्या वाट्यांत आणि ताटल्यांत, जेवायला बसायच्या आधीच मांडलेलं. मधे मोठं पातेलं आणि ज्याला हवं त्याने वाढून घ्यावं, अशी सोय रोजच्या जेवणात नसते. त्यामुळे एक माणूस न सांगता आलं नाही की त्याच्या पाच-सहा वाट्या तशाच राहतात, आणि न सांगता आलं तर बाकी तिघांच्या वाट्यांतून काढावं लागतं.

शिवाय तो फळा फक्त माझ्यासाठी नव्हता. ओतोसान स्टेशनवरून निघाले की ग्रुपमध्ये एक ओळ टाकायचे. ओबाचान शेजारी चहाला जातानाही फळ्यावर वेळ लिहून जायच्या, आणि परत आल्यावर पुसायच्या. ते पाहिल्यावर पाळत ठेवतात की काय ही शंका माझ्या मनातून गेली. माझं नाव चौथ्या ओळीत होतं, म्हणजे चौघांचे नियम मलाही होते.

जेवणाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण जपानला जाणाऱ्या शाकाहारी मुलांची खरी कसोटी तिथेच आहे. मी अंडं आणि दूध घेते, मासे-मटण नाही. अर्जात नुसतं 'शाकाहारी' लिहून भागत नाही, हे मला आधी जाऊन आलेल्या एका मैत्रिणीने बजावलं होतं. ताटात मांस किंवा मासा दिसत नाही, म्हणजे झालं शाकाहारी, असं तिथे अनेकांना प्रामाणिकपणे वाटतं. अडतं ते दाशीपाशी. दाशी म्हणजे ज्या अर्काच्या पाण्यात निम्मा जपानी स्वयंपाक होतो ते पाणी, आणि ते बहुतेक वेळा कात्सुओबुशीचं असतं, म्हणजे धुरावून वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पातळ सालींचं. मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टच्या, सूपात ते असतं, उदोन आणि सोबा या नूडल्सच्या रश्श्यात असतं, उकडलेल्या मुळ्यात असतं, अंड्याच्या गुंडाळीत असतं. मिसोच्या काही डब्यांत आणि तयार सॉसच्या बाटल्यांत ते आधीच मिसळलेलं येतं.

म्हणून मी एका कागदावर दोन रकाने करून नेले होते, काय चालतं आणि काय नाही, आणि माशाचा अर्क दुसऱ्या रकान्यात सगळ्यात वर लिहिला होता. पहिल्याच रविवारी ओकासान तो कागद घेऊन कपाटापुढे बसल्या. एकेक बाटली, एकेक पाकीट काढायचं आणि मागचं बारीक लिखाण वाचायचं. माझी कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, तेव्हा कच्ची होती, पण माशांची नावं लिहिताना अक्षराच्या डाव्या बाजूला बऱ्याचदा माशाचंच चिन्ह येतं, ते मला ओळखता यायचं. ते दिसलं की मी थांबायचे. हिरागाना लिपीत लिहिलेलं कात्सुओ ओकासान शोधायच्या. जे चालेल त्याच्या झाकणावर हिरवी टेप. दोन तास गेले. शेवटी मोजक्याच बाटल्यांवर टेप लागली आणि ओकासान चिंतेत पडल्या, कारण म्हणजे आता रोज एका माणसाचा वेगळा स्वयंपाक.

तोडगा ओबाचाननी काढला. घरी दाशी करताना त्या आधी कोंबू भिजवायच्या. कोंबू म्हणजे समुद्री वनस्पतीचा वाळवलेला जाड पट्टा. तो रात्रभर थंड पाण्यात ठेवायचा, सकाळी ते पाणी मंद आचेवर तापवायचं आणि उकळी फुटायच्या आत पट्टा बाहेर काढायचा. उकळू दिला तर पाणी बुळबुळीत होतं आणि वास बिघडतो. कात्सुओबुशी पडते ती त्यानंतर. म्हणजे पहिल्या टप्प्यावरचं पाणी मला चालणारंच होतं. ओबाचान म्हणाल्या, "वेगळं कशाला करायचं? मासा टाकायच्या आधी हिचं दोन पळ्या काढून ठेवू." त्या दिवसापासून गॅसच्या डाव्या बाजूला माझं लहान पातेलं आलं. त्यात मिसो, तोफू, तळलेल्या तोफूच्या पट्ट्या, कधी वाळवलेले शिताके मशरूम. बाकीचं सूप मोठ्या पातेल्यात नेहमीसारखं.

कोंबू भिजत घालायचं काम मी मागून घेतलं. रोज झोपण्याआधी काचेच्या उंच बरणीत एक लिटर पाणी, ओल्या फडक्याने पुसलेला कोंबूचा तुकडा आणि बरणी फ्रिजच्या दारात. कामं मागून घ्यावीत असं मी होस्ट फॅमिलीत जाणाऱ्या प्रत्येकीला सांगते, पण नुसतं "मी काय मदत करू" असं विचारून ती मिळत नाहीत. "तू अभ्यास कर" हेच उत्तर येतं. अमुक एक काम रोज माझं, असं स्पष्ट म्हणावं लागतं. लहान काम असावं, पण ज्याच्यावाचून घरात काहीतरी अडतं असं असावं. मला भाषाही तिथे जास्त मिळाली. वर्गात मी अर्थव्यवस्थेवरचे परिच्छेद वाचत होते, आणि स्वयंपाकघरात 'जरासं', 'उकळी यायच्या बेताला', 'आता पुरे', 'झाकण तिरकं ठेव' असलं कानावर पडत होतं. ओबाचानची बोली तर पुस्तकात नव्हतीच. कानाझावाच्या बाजूला विनंतीची क्रियापदं वेगळ्या शेवटाने बोलतात, आणि ती मला आधी कळायला आणि मग बोलायला लागली ती भाज्या निवडताना. त्या भागात कागा भाज्या म्हणून १५ स्थानिक भाज्या मानाने मिरवतात. त्यातलं कमळाचं देठ किसून, वाफवून, वर दाट रस्सा घातलेलं ओबाचान करायच्या. त्या रश्श्याचं पाणीही माझ्यासाठी कोंबूचंच असायचं.

आंघोळीची गोष्ट अशीच सांगण्यातून सुटली. तिथे अंग धुणं टबाच्या बाहेर होतं. छोट्या स्टुलावर बसून, साबण लावून, शॉवरने स्वच्छ होऊन मग टबात शिरायचं, आणि ४० ते ४२ अंशांच्या त्याच पाण्यात घरची सगळी माणसं एकामागून एक बसतात. म्हणून आपलं झाल्यावर बूच काढायचं नाही, वर झाकण घालायचं, म्हणजे पुढच्याला पाणी गरम मिळतं. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी छोट्या पंपाने आणि नळीने वॉशिंग मशीनमध्ये जायचं. पहिलं पाणी पाहुण्याला द्यायची रीत आहे, त्यामुळे सुरुवातीला पहिला नंबर माझा. भिंतीवरच्या यंत्रातून एक सूर वाजून पाणी तयार झाल्याची सूचना यायची आणि तिघंही माझ्याकडे बघायची. मी वहीत डोकं घालून बसलेली असेन तर माझ्यामागे ओबाचानची झोप लांबायची आणि ओतोसान कामाच्या कपड्यांतच बसून राहायचे.

हे बदलायचं मी दिवाळीच्या सुमारास ठरवलं. जेवणं झाल्यावर सांगितलं, की मला रात्री उशिरा आंघोळ आवडते, तर ओबाचान आधी, मग ओतोसान, मग मी, असं चालेल का. ओकासान नको नको म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं. ओतोसान इतका वेळ टीव्हीकडे बघत होते, ते म्हणाले, "ठीक आहे, तसंच करू." आणि तसंच झालं. ओकासान शेवटी जायच्या, ते त्यांच्याच सोयीचं होतं, कारण मग त्या टब धुऊनच बाहेर यायच्या.

हिवाळ्यात त्या क्रमाला आणखी एक काम चिकटलं. जपानमधल्या बऱ्याच जुन्या घरांसारखं हे घरही सगळं मिळून तापत नसे. ज्या खोलीत माणसं बसतात तेवढीच खोली उबदार, बोळ आणि न्हाणीघराबाहेरची जागा बर्फासारखी. गरम खोलीतून थंडीत, तिथून कढत पाण्यात, या फरकाने रक्तदाब एकदम खालीवर होतो आणि तिथे दर हिवाळ्यात वृद्ध माणसं न्हाणीघरात दगावतात. म्हणून ओबाचान टबात असल्या की कोणीतरी ऐकू येईल एवढ्या अंतरावर बसायचं आणि थोड्या थोड्या वेळाने हाक द्यायची. माझा नंबर नंतरचा असल्याने ते माझ्याकडे आलं. मी बोळातल्या दारापाशी कांजीची कार्डं घेऊन बसायचे, विचारायचे, "ओबाचान, ठीक ना?" आतून उत्तर यायचं आणि कधीकधी पाठोपाठ एखादा लांबलचक किस्सा, जो अर्धाच कळायचा.

कानाझावा जपान समुद्राच्या बाजूला आहे आणि नोव्हेंबरपासून पुढे तिथलं आकाश बहुतेक राखाडी असतं. डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका, अशी तिकडे म्हणच आहे. केनरोकुएन बागेत १ नोव्हेंबरपासून झाडांच्या फांद्या बर्फाने मोडू नयेत म्हणून दोऱ्यांनी वर ताणून बांधायला सुरुवात होते. घरातही तेव्हाच हिवाळ्याची तयारी झाली. कोतात्सू मांडलं, म्हणजे आतून तापणारं, वरून गोधडी घातलेलं बुटकं टेबल, आणि रॉकेलवर चालणारे पंख्याचे हीटर बाहेर निघाले. रॉकेल १८ लिटरच्या प्लॅस्टिकच्या डब्यातून. हीटर तीन तासांनी आपोआप बंद होतो, आणि खोलीची हवा अधूनमधून खिडकी उघडून बदलावीच लागते. हे मला ओतोसाननी लेखी दिलं होतं, मोठ्या अक्षरात, कांजीच्या डोक्यावर उच्चार लिहून.

ओतोसान घरात फारसं बोलत नसत. बोलायचे ते गाडीत, समोर रस्त्याकडे बघत. राहण्याची जागा ठरल्यापासून १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत जाऊन रेसिडन्स कार्डाच्या मागे पत्ता लिहून घ्यावा लागतो, तेव्हा ते रजा काढून माझ्याबरोबर आले होते. त्याच खेपेत राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घातलं आणि पेन्शनच्या हप्त्यातून सूट मिळण्याचा अर्ज दिला. विम्यामुळे दवाखान्याच्या बिलातला ३० टक्के भागच आपण भरायचा असतो. जानेवारीत मला इन्फ्लुएंझा झाला तेव्हा त्याची किंमत कळली. ओकासाननी आधी दवाखान्यात फोन केला, मग आम्ही गेलो, आणि परतताना औषधाच्या दुकानातून माझ्या नावाची एक छोटी वही मिळाली, ज्यात दिलेल्या प्रत्येक औषधाचं लेबल चिकटवतात. पुढचे दिवस माझा ट्रे दाराबाहेर यायचा. वाडग्यावर झाकण आणि बाजूला चिठ्ठी, आत काय आहे आणि दाशी कोंबूचीच आहे, असं लिहिलेली. तापातसुद्धा मला विचारावं लागू नये म्हणून त्यांनी ते लिहिलं होतं. घरापासून इतक्या लांब आजारी असताना त्या चिठ्ठ्यांचा केवढा आधार वाटला, ते मला त्यांना नीट सांगता आलं नाही, माझी जपानी तेवढी नव्हती.

गल्लीशी ओळख दोन गोष्टींनी झाली, कचरा आणि बर्फ. जळणारा कचरा ठरलेल्या दोन वारी सकाळी, शहराने ठरवलेल्या पिशवीत, कावळ्यांनी फाडू नये म्हणून जाळीखाली ठेवायचा. पेट बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं, बाटली धुऊन दाबलेली. त्या जागेची झाडलोट घराघराने पाळीपाळीने करायची, आणि गल्लीची सूचनापाटी शेजारच्या घरातून यायची, वाचून शिक्का मारून पुढच्या घरी द्यायची. पाटी पुढच्या घरी पोचवणं हे माझं दुसरं काम झालं. दारात उभं राहून दोन वाक्यं बोलावीच लागायची, पावसाची किंवा बर्फाची, आणि तेवढ्याने चेहरे ओळखीचे झाले. फेब्रुवारीत जोराचा बर्फ पडला. मोठ्या रस्त्यांत पुरलेल्या नळांतून जमिनीखालचं पाणी फवारून बर्फ वितळवतात, त्या पाण्यातल्या लोहाने डांबरावर तांबूस पट्टे पडलेले असतात. पण गल्लीतलं ज्याचं त्याने काढायचं. उजाडायच्या आत फावड्यांचे आवाज सुरू व्हायचे. आपल्या दारापुढचं झालं की शेजारच्या आजोबांचं. मी पण गेले. बर्फ कसा उचलायचा, कंबर न वाकवता गुडघ्यातून कसं बळ लावायचं, हे समोरच्या बाईंनी शिकवलं. त्यानंतर बाजारात भेटल्या की त्या मला हाक मारून थांबवायच्या.

सगळ्यात अवघड होतं ते थोडा वेळ एकटं बसायला मिळणं. लोक एकटेपणाबद्दल विचारतात, पण होस्ट फॅमिलीत अडचण बऱ्याचदा उलटी असते. दिवसभर परक्या भाषेत वावरून संध्याकाळी डोकं अक्षरशः दुखायचं, आणि तेव्हाच घरातली माणसं प्रेमाने गप्पांना बोलवायची. खोलीचं दार म्हणजे कागदाचं सरकतं दार, त्यामुळे आत असतानाही आपण घरातच असतो. नुसतं उठून गेलं तर त्यांना वाटणार, हिचं काही बिनसलं. मी ते फळ्यावर आणलं. माझ्या ओळीत रोज आठ ते दहा 'अभ्यास' लिहिलं, आणि ओकासानना तोंडी सांगितलं, की अभ्यास तर आहेच, पण थोडा वेळ न बोलता बसले की दुसऱ्या दिवशी मला चांगलं बोलता येतं. त्यांनी ते इतकं सहज मान्य केलं, की मी उगाच एवढे दिवस थांबले असं वाटलं. रविवारी सकाळी मी प्रीफेक्चरच्या, म्हणजे तिथल्या प्रांताच्या, नव्या ग्रंथालयात जायचे. २०२२ मध्ये उघडलेली ती इमारत, आत गोलाकार, पायरीपायरीने चढत गेलेली पुस्तकांची कपाटं, आणि हवं तिथे बसायची मुभा. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होणाऱ्या जपानीच्या परीक्षेचा माझा निम्मा अभ्यास तिथेच झाला.

घरी फोन करण्याचं गणितही बसवावं लागलं. जपान साडेतीन तास पुढे आहे. आई-बाबा रात्री जेवून निवांत बसायचे तेव्हा इकडे मध्यरात्र. एकदा ओकासान बोलता बोलता म्हणाल्या, "ओबाचान नऊला झोपतात." नुसती माहिती दिल्यासारखं. त्या घरात 'हे करू नकोस' असं मला कोणी कधीच म्हटलं नाही. विनंती असायची ती अशा साध्या वाक्याच्या पोटात. मला वाटतं, जपानी घरात राहायचं तर ही वाक्यं ऐकायला शिकावं लागतं, पण अर्थ मनात लावून गप्प बसू नये, तो बोलून पडताळावा. मी विचारलं, "म्हणजे मी नऊनंतर फोनवर बोलू नको ना?" त्यांचा चेहरा मोकळा झाला. मग घरचा फोन रविवारी दुपारी एकला ठरला, तेव्हा भारतात सकाळचे साडेनऊ. माझ्या आई-बाबांनाही ती वेळ आवडायला लागली.

आणखी एक गोष्ट. १ जानेवारी २०२४ ला संध्याकाळी चार वाजून दहा मिनिटांनी नोटो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला, त्याचे हादरे कानाझावातही बसले. त्या संध्याकाळबद्दल ओकासान फार बोलायच्या नाहीत, पण दारातल्या बुटांच्या कपाटाशेजारी संकटकाळच्या पिशव्या कायम भरलेल्या असायच्या. मी आल्यावर तिथे चौथी पिशवी आली. विजेरी, शिट्टी, मोजे, कागदी मास्क आणि पाणी. माणशी दिवसाला तीन लिटर, निदान तीन दिवसांचं, हा तिथला हिशोब आहे, म्हणजे माझ्या येण्याने जिन्याखालचा साठा नऊ लिटरने वाढला होता. खाऊच्या पाकिटांवर हिरवी टेप होती. ओतोसान मला गल्लीतून चालवत जवळच्या प्राथमिक शाळेपर्यंत घेऊन गेले, काही झालं तर सगळ्यांनी तिथे भेटायचं, आणि फोन लागले नाहीत तर १७१ या संकटकाळच्या निरोपसेवेवर निरोप ठेवायचा. मी तो क्रमांक माझ्या आई-बाबांनाही लिहून पाठवला.

निघायच्या आधी नगरपालिकेत जाऊन बाहेर जात असल्याची नोंद केली, विम्याचा हिशोब मिटवला, खोलीतलं फुतोन, म्हणजे जमिनीवर घालायची गादी, उन्हात टाकून घडी करून ठेवलं. कोंबूची बरणी ओबाचानकडे सोपवली. फळ्यावरचं माझं नाव मी पुसायला गेले, तर ओकासान म्हणाल्या, राहू दे, पुसेन मी नंतर.

आता त्यांच्याकडे दुसरी विद्यार्थिनी आली आहे. मध्यंतरी ओकासानचा लाइनवर निरोप आला. मुलगी गुणी आहे, पण काहीही विचारलं की छान आहे, चालेल, आवडलं एवढंच म्हणते, ताटात मात्र अर्धं राहतं, तर तुला कसं विचारत होते मी, आठवतं का? मी लिहिलं की आवडलं का असं विचारलं तर पाहुणी हो म्हणणारच, माझंही तेच व्हायचं. दोन गोष्टी पुढे ठेवून विचारा, मुळा हवा की भोपळा, आंघोळ आठला की नऊला. आणि एक काम तिच्या नावाने फळ्यावर लिहून टाका, ती मागेपर्यंत थांबू नका. दोन दिवसांनी उत्तर आलं, भोपळा, आणि नऊला. सूचनापाटी पोचवायचं काम तिने घेतलंय.